कोपर बघणारे सर

पहिल्याच दिवशी या माणसानं माझा कोपर मागितला.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. दोडामार्गाकडच्या गावातून येऊन डिचोली तालुक्यातल्या नदीकाठच्या एका हायस्कुलात मराठीची शिक्षिका म्हणून रुजू झाले होते. हेडसर ओळखी करून देत होते. हे गणिताचे, हे भूगोलाचे, असं करत आम्ही खिडकीजवळच्या टेबलापाशी आलो. तिथं चाळिशी उलटलेले एक सडपातळ गृहस्थ डोळे मिटून एका चिंचोक्यावरून अंगठा फिरवत बसले होते. "हे आमचे विज्ञानाचे सर," हेडसर म्हणाले, आणि आता काय होणार ते ठाऊक असल्यासारखे जरा बाजूला झाले. सरांनी डोळे उघडले, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "टीचर, कोपर दाखय पळोवया."

"कोपर?"

"कोपर. हाताचोच तो. मागल्यान शीर आसता, ती चाचपून पळयतां."

मी हात पदराखाली घेतला. "माझ्या कोपराशी तुमचं काय काम?" असं जे काही फणकारून बोलले, ते ऐकून गणिताचे मास्तर कोल्हापुरी थाटात टाळी देऊन हसले. सर मात्र रागावले नाहीत. "बरें. मागीर केन्नाय," एवढंच म्हणून पुन्हा चिंचोक्याकडे वळले. त्या दिवशी मी हात पुढे केला असता तर माझे पाच महिने वाचले असते. पण तेव्हा मला वाटलं, माणूस एक तर चळलेला आहे नाही तर चावट आहे.

चावट ते मुळीच नव्हते. चळलेले होते, हे मात्र सगळ्या तालुक्याचं मत. पुरुषांशी हात मिळवताना उजव्या हातानं हात धरायचे आणि डाव्या हातानं समोरच्याचा कोपर मागून चाचपायचे. बसचा कंडक्टर असो, देवळाचा भटजी असो, नाही तर खाणीवरचा ट्रक ड्रायव्हर, कोणाचीही सुटका नाही. लग्नात नवऱ्यामुलाला शुभेच्छा देतानाही तेच. लोक हसायचे, कोपर पुढे करायचे आणि विसरून जायचे.

बाजारात नुस्तें, म्हणजे मासे, घ्यायचे ते डोळे मिटून. बांगड्यावर अंगठा दाबायचे आणि खड्डा भरून यायला किती वेळ लागतो ते मनात मोजायचे. मासेवाली जमीनदाराचा मान देऊन ओरडायची, "भाटकारा, चिमटून चिमटून माझें नुस्तें मारतलो तूं!" सर शांतपणे म्हणायचे, "तें मेल्लेंच आसा बाये, म्हणूनच चिमटतां." पाववाला पदेर सकाळी सायकलवरून यायचा तेव्हा त्याचे उंडे पाव वरून न बघता खालून चाचपायचे. भट्टीतली राख लागली असेल तर तेवढ्यावरून उंडा भट्टीच्या कोणत्या कोपऱ्यात भाजला ते सांगायचे. पदेराला ते कधी पटलं नाही, आणि खोटंही ठरवता आलं नाही.

"डोळो सदांच शाणपण करता," ते मनगटाची कातडी चिमटीत धरून म्हणायचे. "कात शाणपण करिना. ती चुकतां चुकतां शिकता."

त्या सुमाराला गोव्याला नुकताच राज्याचा दर्जा मिळाला होता आणि भाषेचा वाद विझायचं नाव घेत नव्हता. आमच्या स्टाफरूममध्ये मराठीवाले एका बाजूला, कोकणीवाले दुसऱ्या बाजूला. चहा एकच, पण तो पिताना तोंडं दोन दिशांना. मी अर्थातच मराठीची, आणि माझा आवाज कमी नव्हता. सरांना दोन्ही बाजूंनी विचारलं, तुम्ही कोणाचे? "कातीक भास नासता," म्हणाले. दोन्ही बाजू चिडल्या. एकदा वाद इतका चढला की भूगोलाचे मास्तर आणि मी तीन दिवस बोलत नव्हतो. चौथ्या दिवशी सर तीन बाल्द्या घेऊन स्टाफरूममध्ये आले. एकीत कढत पाणी, एकीत बर्फाचं, मधल्या बाल्दीत कोमट. आम्हां दोघांना म्हणाले, एकानं गरमात हात घाला, एकानं थंडात. मिनिटभर ठेवल्यावर दोघांचेही हात मधल्या बाल्दीत घालायला लावले.

"थंड आहे," भूगोलाचे मास्तर म्हणाले.

"काहीतरीच काय? चांगलं ऊन आहे," मी म्हणाले.

सर लहान पोरासारखे खूश झाले. "आतां घालात वाद!" म्हणून बाल्द्या उचलून निघूनही गेले. वाद काही मिटला नाही हो, उगाच कशाला खोटं सांगू? पण भूगोलाच्या मास्तरांना आणि मला एकदमच हसू आलं आणि बोलणं सुरू झालं.

एकदा शाळा तपासायला साहेब आले. सरांच्या वर्गात एक काळी कापडी पिशवी असे, तोंडाला इलॅस्टिक लावलेली. मुलांनी आत हात घालून वस्तू ओळखायची आणि ओळखली कशी तेही सांगायचं. साहेबांना त्यांनी मोठ्या आदरानं पिशवी पुढे केली. साहेबांनी काथ्याची दोरी ओळखली, खाणीतल्या खनिजाचा खडा वजनावरून ओळखला. मग एकदम दचकून हात बाहेर ओढला. "जिवंत आहे काहीतरी!" सरांनी पिशवी उलटी केली. सोललेलं उकडलेलं अंडं निघालं. साहेब शुद्ध शाकाहारी. दोनदा साबण लावून हात धुतला आणि शेऱ्याच्या वहीत एकच ओळ लिहिली: 'प्रयोगांत सुधारणेस वाव आहे.' सरांना ते वाक्य इतकं आवडलं की पुढे महिनाभर वर्गात कोणाचं उत्तर चुकलं की तेच ऐकवायचे.

आता माझ्या फजितीचं सांगते.

सरांकडे एक जाडजूड रजिस्टर होतं आणि भूमितीच्या पेटीतला कर्कटक होता. त्याची दोन्ही टोकं घासून बोथट केलेली. ती दोन टोकं एकदम कातडीवर टेकवायची आणि विचारायचं, एक की दोन? बोटाच्या पेरावर दोन-तीन मिलीमीटरचं अंतर असलं तरी दोन टोकं वेगळी कळतात. पाठीवर चार बोटं अंतर ठेवलं तरी एकच वाटतं. हे ते दरवर्षी प्रत्येक मुलाचं मोजायचे. शिपायाचं, स्वयंपाकाच्या बाईचं, पाहुण्यांचंही. आकडे रजिस्टरात. एवढं मोजून काय मिळतं असं विचारलं की म्हणायचे, "मेजल्यार कळटा."

दिवाळीच्या सुट्टीनंतर एका मधल्या सुट्टीत मला जोर चढला. डब्यातली सुकी भाजी सगळ्यांना वाटून झाली होती. माझ्या हातची भाजी गणिताच्या मास्तरांना फार आवडे, निम्मा डबा तेच संपवायचे. मी उजवा हात पुढे केला. "घ्या सर, करा एकदाची मोजणी!"

बोटाला झालं, तळव्याला झालं, मनगटाला झालं. मग कोपराच्या जरा वर, ब्लाऊजच्या काठाशी. मी डोळे मिटलेले.

"एक काय दोन?"

"लावा तरी आधी!"

"एक काय दोन, टीचर?"

"अहो, टोचा ना! घाबरता कशाला?"

स्टाफरूममध्ये हशा पिकला. गणिताचे मास्तर म्हणाले, "बाई, कातडी हाय का ढाल?" मीही फुशारून सांगितलं, मागच्या महिन्यात तव्याचा चटका याच जागी बसला होता, फोड आला तरी मला पत्ताच नाही, आमच्याकडच्या बायका अशाच चिवट असतात म्हणून! डोळे उघडले तर सर माझ्याकडे बघत नव्हते. त्या जागी रुपयाएवढा एक फिकट डाग होता. मी त्याला शिबं समजून दुकानातलं मलम लावत होते. सरांनी कर्कटक मिटला, रजिस्टर ओढलं आणि मोठ्यानं म्हणत लिहिलं, "चाळीस मिलीमीटर. एकदम बरोबर."

पंधरा वर्षांच्या रजिस्टरातला तो एकमेव खोटा आकडा असावा.

संध्याकाळी ते माझ्या खोलीवर आले. सोबत वहिनी होत्या, म्हणजे त्यांची बायको. वहिनींनी दार लोटून घेतलं. सरांनी कापसाची वात करून त्या डागावर फिरवली, डागाबाहेर फिरवली. बाहेर गुदगुल्या झाल्या. आत काहीच नाही. कापूस टेकलाय हे मला दिसत होतं, पण कळत नव्हतं. मी खाली बसले.

"हो रोग वायट न्हय. ताचें नांव वायट," सर म्हणाले. नाव त्यांनी घेतलं नाही. मला घ्यावं लागलं. महारोग. आमच्या गावात एका म्हाताऱ्याला त्या नावाखाली नदीपलीकडच्या खोपीत ठेवलेलं मी लहानपणी पाहिलं होतं. त्याची बोटं मला आठवली, आणि मी माझा उजवा हात डाव्या हातात घट्ट धरून ठेवला. या हातानं मी फळ्यावर लिहीत होते. नोकरी जाईल, घरी पाठवतील, तिथंही कोणी जवळ घेणार नाही, आणि बोटं अशी एकेक करून मिटत जातील. मी हे सगळं रडत रडत बोलून दाखवलं. सरांनी पुरतं ऐकून घेतलं. मग आपला डावा हात माझ्यापुढे धरला.

"करंगळी टोच."

वहिनींनी आपल्या पदराची पिन काढून माझ्या हातात दिली. मी हळूच टेकवली. "दाब," म्हणाले. मी दाबली. रक्ताचा थेंब आला. त्यांचा चेहरा हलला नाही.

"चवदा वर्सांचो आसतना जालो म्हाका. आमच्या इब्रामपुरांत कोणाक कळूंक ना, आवयन लिपयलो. लिपयलो म्हणून हीं दोन बोटां मेलीं, बधीर जालीं. वेळार दाखयल्लें जाल्यार तींय उरतलीं आशिल्लीं. हिका पळय." वहिनींकडे मान केली. "वीस वर्सां म्हज्या ताटांतलें जेवता. हिका कितें जालां?"

"मला मधुमेह झालाय," वहिनी म्हणाल्या. त्या परिस्थितीतही मला हसू फुटलं.

तेव्हा मला कोपराचं कोडं उलगडलं. हा रोग शिरांमध्ये, म्हणजे मज्जातंतूंमध्ये शिरतो, आणि कोपरामागची शीर जाड होऊन बोटांना लागते. बऱ्याच वेळा डागाच्याही आधी. इतकी वर्षं हा माणूस शेकहँडच्या मिषानं अख्ख्या तालुक्याच्या शिरा तपासत होता, आणि तालुका त्याला चळलेला म्हणत होता. सापडलेल्यांना गुपचूप डॉक्टरकडे नेत होता. किती सापडले ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही.

दुसऱ्याच दिवशी ते दोघं मला म्हापशाला डॉक्टरांकडे घेऊन गेले. सहा महिने गोळ्या घ्यायच्या होत्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, औषध सुरू झालं की तुमच्यापासून कोणाला काही होत नाही, खुशाल शिकवा. तोच हात आज हे लिहितोय. पाचही बोटं जागच्या जागी आहेत.

दोन वर्षांपूर्वी सरांना भेटायला गेले होते. आता ते ऐंशीचे आहेत. माझ्या नव्या फोनची काच त्यांनी उलटसुलट चाचपली आणि नाक मुरडलं. "गुळगुळीत. हातूंत वाचपासारकें कितेंच ना." मग काय सुचलं कोण जाणे, डाव्या हाताची ती करंगळी काचेवर टेकवली. फोटो सरकला. पुन्हा टेकवली. पुन्हा सरकला. पाव तास माझ्या नातवंडांचे फोटो पुढेमागे करत बसले. मी विचारलं, हे बधिर बोटानं कसं काय चालतं? म्हणाले, काचेला दाब लागत नाही, बोटातून थोडी वीज मिळाली की पुरे. "काचेक म्हजें बोट कळटा. बोटाक काच कळना. म्हणजे बोट मेल्लें न्हय गो!" आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मीही हसले आणि रडलेही.

पण मला सांगायचंय ते त्या सहा महिन्यांतलं. ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, कारण त्यात माझी शोभा नाही.

माझ्या गोळ्या सुरू होऊन चार महिने झाले असतील. सर आठवीला प्रयोग दाखवत होते. दिव्यावरची लोखंडी तिवई बाजूला करायला ते नेहमी उजवा हात वापरायचे. पण उजव्या हातात चंचुपात्र होतं, म्हणून डावा पुढे केला. करंगळी तापलेल्या लोखंडाला चिकटून राहिली आणि ते बोलतच राहिले. वास वर्गभर पसरला. पुढच्या बाकावरची मुलगी किंचाळली, "सर, तुमचें बोट!" त्यांनी बोटाकडे पाहिलं आणि "हां, खरेंच," म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. तो शांत चेहरा चाळीस मुलं घरी घेऊन गेली, आणि घरोघरच्या म्हाताऱ्यांना त्याचा अर्थ बरोबर समजला.

आठ दिवसांत सगळं बदललं. लोक सरांना लांबूनच नमस्कार करू लागले. कोपर पुढे करणारा एकही उरला नाही. "लोक एकदम सभ्य जाले," सर म्हणाले. आमच्या गोकुळदास शिपायानं स्टाफरूममधल्या फळीवरचा एक चहाचा ग्लास उचलून खिडकीत ठेवला. सरांचा. कोणी त्याला सांगितलं नव्हतं, आणि कोणी अडवलंही नाही.

मीसुद्धा नाही. रोज त्या फळीवरच्या ग्लासातून मी चहा प्यायले, आणि रोज माझ्या डब्यातली भाजी सगळ्यांनी वाटून खाल्ली. संध्याकाळी सरांच्या घरी जाऊन रडायचे, उद्या सांगते म्हणायचे. ते खवळायचे. "तोंड उगडशीत जाल्यार पळय! एकट्यान भागता थंय दोगांनी कित्याक?" मी भित्री, मला तेवढा आधार पुरे होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा गप्प. वहिनी मात्र नुसता चहा द्यायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. मला ते बघणं सोसायचं नाही.

मग एका शनिवारी हेडसरांनी मीटिंग लावली. पालकांचा अर्ज आला होता. सरांनी वर्गावर जाऊ नये, मुलांना हात लावू नये, वाचनालयात बसावं. हेडसर वाईट नव्हते, अर्ज वाचताना त्यांचा आवाज अडखळत होता. सर खिडकीशी बसून ऐकत होते. गणिताचे मास्तर उठले. "आमचं सरांशी काही वाकडं न्हाई. पर पोरांचा प्रश्न हाय. असला रोगी माणूस चारचौघांत बसला, तर उद्या आपल्यालाबी..."

माझं औषध संपायला अजून महिना होता. मी उठले तेव्हा काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. मी बाही वर केली आणि हात गणिताच्या मास्तरांच्या नाकासमोर धरला.

"हा बघा डाग. मलाही तेच झालंय. पाच महिने गोळ्या घेतेय. आणि पाच महिने तुम्ही माझ्या डब्यातली भाजी बोटं चाटून खाताय! झालंय का काही? दाखवा बरं, कुठं झालंय?"

मास्तर आपल्या बोटांकडे बघत खाली बसले. सर ओरडले, "गो, पिशें लागलां तुका!" त्यांना एवढ्या मोठ्यानं ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मी म्हणाले, "असू दे. मलाही वाचनालयात बसवा." आणि मग इतकी रडले की बाकी काय झालं ते आठवत नाही. हेडसरांनी अर्ज फायलीत ठेवला आणि पुढच्या मीटिंगला बघू म्हणाले, तेवढंच कानावर आलं.

रविवार मी खोलीत काढला. ट्रंक भरून ठेवली होती. सोमवारी शाळेत गेले तर खिडकीत दोन ग्लास. माझाही जाऊन बसला होता. सर माझ्याशी बोलले नाहीत. रागच होता त्यांना. आम्ही दोघं खिडकीशी उभं राहून चहा प्यायलो. बाकीचे खाली मान घालून वह्या तपासत होते.

मंगळवारी खिडकीत तीन ग्लास होते. गणिताचे मास्तर लालेलाल झाले. "गोकुळदास, माझा ग्लास तिकडं कुणी ठेवला?"

"हांवें," गोकुळदास म्हणाला. "तुमी टीचरीची भाजी खाल्ली न्हय?"

बुधवारी हेडसरांचा ग्लास गेला, कारण ते गणिताच्या मास्तरांच्या डब्यातलं लोणचं खायचे. गुरुवारी भूगोलाच्या मास्तरांचा आणि आणखी तिघांचा. शुक्रवारी हेडसरांनी गोकुळदासला सगळ्यांसमोर बोलावलं आणि हा काय पोरखेळ लावलायस म्हणून विचारलं. तो बिचारा घाम पुसत उभा होता. चेष्टा करत नव्हता, खरोखरच पेचात पडला होता.

"सर, हांवें नीट चिंतलें. टीचरीचें मास्तरान खाल्लें, मास्तराचें तुमी खाल्लें, तुमची उरिल्ली चाय हांव पितां. म्हजोय गिलास थंय जनेलार, खिडकींत, दवरला. आतां तुमीच सांगात, फळयेर कोणाचो दवरूं?"

हेडसरांनी फळीकडे पाहिलं. फळी रिकामी होती. गोकुळदास किटली घेऊन आला आणि सरांनी खिडकीतल्या त्या गर्दीतून हाताला आला तो ग्लास उचलून त्याच्यापुढे धरला.